मागच्या खोलीतला वॉलमन

बाळाराम, तू गेलास हे आम्हाला पाण्याने कळवलं.

वरच्या आळीला त्या सकाळी पाणी आलं आणि थांबेचना. बादल्या भरल्या, पिंपं भरली, टाक्या ओसंडून वाहायला लागल्या, तरी नळ चालूच. दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी देवाचे आभार मानून अंगणं धुतली असती. आपल्या दहिवलीतल्या बायका हातातल्या कळश्या तशाच टाकून रस्त्यावर आल्या. "अगं, पाणी अजून कसं येतंय? बाळारामभाऊ कुठं हायत?" दोघीतिघी धावत वॉल्व्हच्या चेंबरपाशी गेल्या. तू शेजारच्या कट्ट्यावर बसला होतास, पाठ कुंपणाला टेकून, लांब दांड्याची ती लोखंडी चावी मांडीवर आडवी. आमच्या आळीचा वॉल्व्ह तू बंद केला होतास, वेळेवर. वरच्या आळीचा उघडला होतास, तोही वेळेवर. बंद करायला तेवढा उठला नाहीस.

बावीस वर्षांत पहिल्यांदा इथल्या लोकांना वाट्यापेक्षा जास्त पाणी मिळालं, आणि ते कुणीच भरून घेतलं नाही.

परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने माझंच कौतुक केलं. "बावीस वर्षांपूर्वी, जेव्हा लोक आडनाव ऐकून दार लावून घ्यायचे, तेव्हा आपल्या तात्यांनी स्वतःच्या घरातली खोली बाळारामला भाड्याने दिली. केवढं हे मोठं मन!" शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून दोघांनी टाळ्याही वाजवल्या. आणि मी काय केलं? मान खाली घालून, हात जोडून, ते सगळं कौतुक नम्रपणे घेतलं. तू तिथे असतास तर खोकला असतास. तुझा तो ठरलेला खोकला, मी थाप मारायला लागलो की यायचा तो. परवापासून तोच कानात घुमतोय, म्हणून हे लिहायला बसलो. खरं काय झालं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. आता बाकीच्यांनाही होऊ दे.

मागची खोली मुळात भाताची. शेत खंडाने दिल्यावर घरात भात यायचं थांबलं आणि त्या खोलीत एक मोडका पाळणा, मांजरीची बाळंतपणं आणि माझ्या वडिलांची छत्री एवढंच उरलं. सुमन म्हणाली, "भाडेकरू ठेवू या. तुम्ही दिवसभर खोपोलीला, घरात माणसाचा वावर असलेला बरा." मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं, हे माझं काम. मित्र उशिरा आला की नेमकं माझं पेन बिघडायचं, हेही खरं.

खोली बघायला दोघे येऊन गेले. एकाकडे हार्मोनियम होतं, दुसऱ्याकडे सासू. मग तू आलास. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला आणि खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी.

"पाण्याच्या कामावर वॉलमन लागलोय," तू म्हणालास. "पाटं पाचला पयला वॉल सोडायचा. लोधिवलीवरनं त्या टायमाला गाडी नाय. खोली पायजे."

त्याच क्षणी माझ्या डोक्यात नळ सुटला. आमची आळी पाइपाच्या शेवटाला. सकाळी पस्तीस मिनिटं पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेने. आणि आळीआळीला पाणी सोडणारा माणूसच आपल्या मागच्या दारी राहणार! तरी सवयीने मी चौकशीला लागलो. आमच्याकडे ती चौकशी सरळ होत नाही, तिला वळसे असतात.

"लोधिवली म्हणजे चौक गावाकडून आलं की कुठं येतं हो?"

"हायवेच्या आत."

"हां हां. देवळाच्या अंगाला का?"

"नाय. पलीकडं."

"पलीकडं म्हणजे ओढ्याच्या..."

तू चावी खांद्यावरून उतरवून जमिनीवर उभी केलीस. "मालक, एवढं लांबून कशाला येताय? दमाल. बौद्धवाड्यातला हाय. खोली द्यायची का नाय तेवढं सांगा, मला सांजचा वॉल सोडायचाय."

"द्यायची ना!" मी म्हटलं. इतक्या चटकन, की ह्यांना झालं तरी काय, ते बघायला सुमन आतून बाहेर आली. मन मोठं वगैरे काही झालं नव्हतं, बाळाराम. मनात दोन हजार लिटरची टाकी तेवढी बांधून तयार झाली होती.

अटी मात्र मी घातल्या. मालक होतो ना! येण्याजाण्याला मागचं दार. मोरीतला नळ सामाईक, आमच्या पाण्यातून रोज दोन बादल्या तुझ्या. आणि करार अकरा महिन्यांचा. तू सगळ्याला हो म्हणालास. आणि पहिल्या सकाळी मी घरातली होती नव्हती तेवढी भांडी मोरीत मांडून उभा राहिलो. पस्तीस मिनिटांनी पाणी गेलं. दुसऱ्या दिवशीही पस्तीस. मला वाटलं, नवा आहे, बिचारा बुजला असेल. पाचव्या दिवशी चहाला बोलावलं.

"आपली आळी शेवटाला आहे ना रे, धार फार बारीक."

"हाय खरी बारीक."

"मग पाचदहा मिनिटं..."

"मग पाचधा मिनिटं आदी उठून भांडी ओळीनं लावा, मालक. तुमी नळ आल्यावर झाकणं शोधता. तितं सात मिनिटं जातात. मी मोजलीत."

आयुष्यभर मी लोकांची मिनिटं मोजली. माझी कुणी मोजल्याचं ते पहिलं उदाहरण.

मग मी जो उद्योग केला तो तू चारचौघांत कधी सांगितला नाहीस, म्हणून मीच सांगतो. कर्जतच्या बाजारातून एक बारकी मोटर आणली, नळाला जोडली, वर घमेलं उपडं घातलं आणि त्यावर ओली गोणपाटं टाकली. मोटर सुरू झाली की घमेलं अंगात आल्यासारखं थरथरायचं. सुमनला म्हटलं, कुणी विचारलं तर मिक्सर सांग. तिसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या दोन घरांतून तक्रार आली, नळाला टिपूस नाही, म्हणून तू घरोघर बघत आलास. आमच्या मोरीत शिरलास. घमेल्याकडे पाहिलंस. "वयनी, मिक्सर मोरीत ठेवता का?" एवढंच विचारलंस. मोटर सोडवलीस, खांद्यावर टाकलीस आणि भर रस्त्यातून कचेरीत जमा करायला निघालास. मालकाची मोटर भाडेकरूच्या खांद्यावर, आणि आख्खी आळी दारात उभी.

मोटर परत पाहिजे तर लेखी माफीनामा द्यायचा होता. तो लिहायला मी तुझ्याच खोलीत आलो, कारण मजकूर कसा असतो हे तुला माहीत. तू ट्रंकेवर बसून सांगितलास.

"लिवा. मी मोटर लावून शेजाऱ्यांच्या वाट्याचं पाणी ओढलं."

"ओढलं नको रे. घेतलं लिहू."

"ओढलंच लिवा. मोटर घेत नाय, ओढते. फुडं लिवा. यापुढं माझ्या वाट्याचं झालं का मी माझा नळ माझ्या हातानं बंद करीन."

सही करताना माझे कान लाल झाले होते. तू कागद फुंकून वाळवलास आणि म्हणालास, "झ्याक. आता चा ठेवा."

हा माझा तुझ्याकडचा पहिला माफीनामा. दुसरा राहिला. त्याच्याकडे येतो, जरा दम धर.

बावीस वर्षांत तू चोवीस वेळा माझ्या घरी नव्याने राहायला आलास. भाडेकरू सलग राहिला तर खोली त्याचीच होऊन बसते, अशी भीती मला कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका गृहस्थांनी घातली होती. "अकरा महिन्यांनी खोली रिकामी करून घ्यायची, कुलूप घालायचं, मग नवा करार." बाकीचे मालक नुसता नवा कागद करतात. मी सल्ला शब्दशः पाळला. त्या दिवशी सकाळचं पाणी सोडून तू परतलास की तुझी खाट, ट्रंक, स्टोव्ह, दोन तसबिरी, हंडे, भांडी, सगळं ओट्यावर यायचं. मी खोलीला कुलूप लावायचो. दुपारी तू पाहुणा म्हणून आमच्या पंगतीला. सुमन हटकून गोडाचं करायची. चार वाजता मी कुलूप उघडायचो, आणि तू फाटकापर्यंत जाऊन चावी खांद्यावर टाकून परत यायचास.

"मालक, खोली हाय का?"

"गाव कोणतं?"

"लोधिवली."

"देवळाच्या अंगाला का?"

"एवढं लांबून कशाला येताय, दमाल!"

हा आपला तमाशा बघायला आळीतली माणसं कामं टाकून यायची. एका वर्षी मी कुलूप ठोकलं आणि किल्ली आतच राहिली. तू कौलं सरकवून आत उतरलास आणि आतून ओरडलास, "तात्यानू, आता मातर कब्जा झाला बरं का!" एरवी कायम मालक म्हणायचास. तात्या तेवढ्या एका दिवशी म्हणालास, माझ्याच घरावर कब्जा करून.

कधीपासून ते नेमकं सांगता येणार नाही, पण मी तुझ्या पस्तीस मिनिटांची फुशारकी मारायला लागलो. बहुतेक त्या फार्महाउसच्या गाडीपासून. आपल्या भागात नदीकाठी मुंबईकरांची फार्महाउसं झाली, त्यांतल्या एका बड्या असामीची चकचकीत गाडी थेट मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला कान लावला.

"शनिवारी पाहुणे येणार आहेत," आलेला माणूस म्हणाला. "पोहण्याचा तलाव भरायचा आहे. तेवढं रात्रीचं जरा सोडा. साहेब तुमचं बघतील."

"भरा की," तू म्हणालास. "नदी तितंच हाय, तुमच्या कुंपनाला लागून. बादली देऊ का?"

गाडी गेली. ती वळायच्या आत मी पुढच्या दाराने बाहेर पडलो होतो. दुपारपर्यंत सगळी दहिवली आणि संध्याकाळपर्यंत पुलापलीकडचं अर्धं कर्जत मी ही गोष्ट सांगून संपवलं. 'आमचा भाडेकरू' हे दोन शब्द मी त्या दिवशी किती वेळा उच्चारले असतील! आणि देऊ केलेली बादली माझी होती, हेही सांगायला विसरलो नाही. त्याच सुमारास कारखान्यात माझं पेन बिघडायचं बंद झालं. मित्र थोडे कमी झाले. त्याचं खापर मी तुझ्यावर फोडलं, पण ऐटीत फोडलं.

आता ते दुसरं.

वैशालीचं लग्न. अकरा वर्षांची होती ती तू आलास तेव्हा, उशीर झाला की तुझ्या सायकलच्या दांडीवर बसून शाळा गाठायची. हळदीच्या आदल्या संध्याकाळी मी तुझ्या दारात आलो. घरात माणसं मावत नव्हती. म्हटलं, "बाळाराम, उद्या फक्त पंधरा मिनिटं. आयुष्यात पुन्हा मागणार नाही."

"लगीन आपल्या घरी हाय, मालक. वरच्या आळीच्या घरी नाय. त्यांच्या वाट्याचं कसं देऊ?"

"अरे, वैशालीचं लग्न आहे!"

"म्हणून तर सांगतो. तिच्या हळदीला दुसऱ्याच्या तोंडचं पाणी नको."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य होतं, उद्यापासून मला तोंड दाखवू नकोस.

सकाळी मागचं दार उघडलं तर तू कामावर गेलेला, आणि तुझ्या दारापासून आमच्या दारापर्यंत भांडी मांडलेली. पिंप, दोन हंडे, कळशी, बादली, भाताचं पातेलं, कुकर. सगळी पाण्याने काठोकाठ, प्रत्येकावर धुतलेलं फडकं. शेवटी तुझा जेवणाचा डबा होता. तीन कप्प्यांचा. तिन्ही कप्प्यांत पाणी.

माझं डोकंच फिरलं. पंधरा मिनिटं देता येत नाहीत आणि वर डब्यातून पाणी पाजतोय मला! एकेक भांडं उचललं आणि मोरीमागच्या केळीत ओतलं. पिंप, हंडे, कळशी, पातेलं. डबासुद्धा, एकेक कप्पा उघडून. सुमन धावत आली तोपर्यंत सगळं रिकामं झालं होतं.

"अहो, काय केलंत हे! आठ दिवस भाऊ नदीवर आंघोळीला जातायत. आपल्याकडच्या दोन बादल्या साठवत होते ते, लग्नासाठी."

"बरं झालं," मी म्हटलं. "केळीला मिळालं."

टँकर आला, लग्न पार पडलं. त्या सकाळी तू दहाच्या सुमाराला परतलास. भांडी उपडी, ओळीने वाळत पडलेली. तू ती एकेक करून आत नेलीस, पांढरा सदरा घातलास आणि मांडवात आलास. पंगत बसली तेव्हा पाण्याचा जग घेऊन वाढायला तूच पुढे झालास. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, गडी नमला. एवढंच सुचलं मला. एवढीच माझी अक्कल.

दोन वर्षांनी असाच एक अकरा महिन्यांचा दिवस होता. सामान ओट्यावर, खोलीला कुलूप, आणि चार वाजायची वाट बघत आपण शेंगा फोडत बसलो होतो. तू ट्रंकेवर, मी तुझ्या उपड्या हंड्यावर. मी गंमतीत विचारलं, "एक सांग रे, तू एवढा ताठ का? पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?"

तू शेंगेतला दाणा तोंडात टाकलास. "आमचा आजा चौकच्या बाजाराला जायचा, मालक. तान लागली का ओंजळ धरून उभा ऱ्हायचा. वाढनारा वरनं वतायचा. त्याला वाटलं तर, त्याला वाटंल तेवडं. आजा सांगायचा, पानी नाय याचा तरास नव्हता रं. पानी दुसऱ्याच्या मर्जीनं हाय, याचा तरास." मग तू आणखी एक शेंग फोडलीस. "आता चावी माझ्या हातात हाय. मी पन मर्जी लावली, तर आजाला काय सांगू?"

मी ताडकन उठलो. बुडाखालचा हंडा तोच होता.

"काय झालं, मालक?"

"पायाला मुंग्या आल्या."

हळदीच्या दिवशी, पैपाहुण्यांनी भरलेल्या घरात, तुझ्या घरच्या भांड्यांतलं, तुझ्या हातचं पाणी मी ओतून दिलं होतं. तू परत आलास तेव्हा तुला काय दिसलं असेल, हे मला दोन वर्षं सुचलं नव्हतं. ते त्या ओट्यावर, शेंगेच्या एका टरफलागत कडकन फुटलं. बाळाराम, मी रागाने ओतलं होतं. त्या पंधरा मिनिटांच्या रागाने. एवढं एक वाक्य तुला सांगायचं होतं. पण ते जिभेवर आलं की मागून एक प्रश्न यायचा: तेच पाणी माझ्या मामेभावाने भरून ठेवलं असतं, तर मी ओतलं असतं का? मी हो म्हणून बघितलं, नाही म्हणून बघितलं. खरं उत्तर एवढंच की मला माहीत नाही. आणि माहीत नसलेल्या गोष्टीची माफी कशी मागायची, ते मला नऊ वर्षांत जमलं नाही. मी आपला केळीचा पहिला घड पिकायला आला की तुझ्या सुट्टीच्या दिवशी तुझ्या सायकलला बांधून लोधिवलीला धाडायचो. माझ्याऐवजी केळी बोलतील, असं वाटत असावं.

तुला नेलं त्या दिवशी सगळ्या आळ्या एकाच वेळी रस्त्यावर आल्या. एरवी एका वेळी एकाच आळीला पाणी. एवढी सगळी माणसं एकदम बाहेर आलेली मी पहिल्यांदा बघितली. कुणी तरी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" मी म्हटलं, "मालक." आणि म्हटल्यावर लाज वाटली, कारण माझी ऐट अशी, जणू ही सगळी गर्दी मीच जमवली होती. पण वाटली ऐट, बाळाराम. ती तुझ्यापासून लपवून काय करू?

गेल्या रविवारी लोधिवलीला तुझा जलदानविधी झाला. मी गेलो, आणि सवयीने हातात घड घेऊन गेलो. आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना चाललेली, पाण्याची धार वाटीत पडतेय, वाटी भरून ताटात ओसंडतेय, आणि मी दारात केळी घेऊन उभा, बारशाला आल्यासारखा. सगळं आटोपल्यावर तुझी बायको पुढे आली. तिने घड माझ्या हातातून घेतला.

"चुकलंच माझं, वहिनी," मी म्हटलं. "असल्या वेळी..."

"चुकलं कशाला? आमचे हे, केळी बगितली का म्हनायचे, 'घे गं, माझं पानी परत आलं.'"

"म्हणजे त्याने सांगितलं होतं तुम्हाला? हळदीचं?"

"त्याच आठवड्यात."

"पाणी परत आलं म्हणायचा, ते हसून म्हणायचा का हो?"

तिने घड खाटेवर ठेवला. विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नसावी. तुझ्याबरोबर एवढी वर्षं काढल्यावर कशी असेल!

"कदी हसून," ती म्हणाली. "कदी नाय."

तर हा दुसरा माफीनामा. ह्या वेळी मजकूर सांगायला तू नाहीस, म्हणून शब्द जरा जास्त झालेत. बाळाराम, तू आठ दिवस नदीवर आंघोळ करून साठवलेलं तुझ्या वाट्याचं पाणी मी ओतून टाकलं. ओतलं, असंच लिहितो. सांडलं म्हणत नाही. का ओतलं ते मला पुरतं माहीत नाही. जेवढं माहीत आहे तेवढ्याची मला लाज वाटते, आणि जेवढं माहीत नाही त्याची जास्त.

काल सकाळी तुझा मुलगा टेंपो घेऊन आला. खाट, ट्रंक, स्टोव्ह, तसबिरी, हंडे, सगळं आम्ही दोघांनी मिळून ओट्यावर काढलं. चोवीस वेळा हे करून माझा हात बसलेला. त्याने ओट्यावरून एकेक टेंपोत चढवलं. सुमनने सवयीने गोडाचं केलं होतं, ते डब्यात भरून दिलं. चार वाजले तेव्हा मी खोलीचं दार उघडं टाकून पायरीवर बसलो होतो. बसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि नेमकी चारला फाटकाशी मोटरसायकल थांबली. पस्तिशीचा गडी, हसतमुख, तुझीच चावी खांद्यावर.

"तात्या तुमीच ना? मी नवा वॉलमन. खोली हाय का?"

"गाव कोणतं?" माझ्या तोंडून गेलंच.

"कशेळं."

पुढचं मी विचारलं नाही. तेवढं तू शिकवलंस.

तो जवळ आला, आवाज खाली केला. "काका, तुमची आळी शेवटाला, मला ठावं हाय. खोली द्या, धा-पंधरा मिनिटं जास्तीच सोडत जाईन. कुनाला कळनार पन नाय."

बावीस वर्षांपूर्वी ज्याची वाट बघत मी मोरीत भांडी मांडून उभा होतो, तो भाडेकरू हा! इतक्या उशिरा पोचला होता.

"खोली आहे," मी म्हटलं. "पण पस्तीस मिनिटं सोडणाऱ्याला द्यायची आहे."

तो गोंधळला. "काका, लोक जास्त मागतात. तुमी कमी मागताय?"

"कमी नाही रे. पस्तीसच."

त्याला वाटलं, म्हातारा घासाघीस करतोय. "उद्या नमुना बगा, मग सांगा," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

सुमन दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "एवढ्या वर्षांनी तुम्हाला पाहिजे होता तसा भाडेकरू चालून आला," ती म्हणाली, "तर घालवून दिलात!"

"नशीब लागतं," मी म्हटलं.

आज सकाळी वेळेवर पाणी आलं. भांडी मी आधीच ओळीने लावली होती, झाकणं काढून. दोन बादल्या सवयीने बाजूला भरल्या, मग लक्षात आलं. एका पाठोपाठ एक सगळं भरत गेलं, आणि पस्तीस मिनिटं झाली. टाइमकीपरला घड्याळ बघावं लागत नाही, तरी बघितलं. नळ चालूच. नमुना आला होता, आणि धार कधी नव्हे ती चांगली अंगठ्याएवढी.

मी उठलो आणि नळ बंद केला.

"अहो, येतंय की अजून!" सुमन आतून ओरडली.

"येऊ दे," मी म्हटलं. "आपलं झालं."